गुंगी आणणारी औषधे एकत्र घेताना: यादी, वेळा, लक्षणे आणि डॉक्टरांना विचारायचे प्रश्न

डॉक्टरांनी लिहून दिलेली, सांगितलेल्या मात्रेतच घेतलेली आणि एकेकटी पाहिली तर नेहमीचीच वाटणारी दोन-तीन औषधे एकाच रात्री शरीरात एकत्र आली की श्वास धोकादायक रीतीने मंदावू शकतो. अनेकांना हे खरे वाटत नाही, कारण औषधाचा धोका म्हणजे गोळ्या जास्त घेण्याचा धोका, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात पाठदुखीसाठी एका डॉक्टरांनी वेदनाशामक दिलेले असते, झोपेसाठी दुसऱ्यांनी गोळी दिलेली असते, पायांच्या जळजळीसाठी तिसऱ्यांनी नसांचे औषध लिहिलेले असते. प्रत्येक चिठ्ठी आपापल्या जागी योग्य असते, पण तिन्ही चिठ्ठ्या शेजारीशेजारी ठेवून कोणीच पाहिलेल्या नसतात. ते काम रुग्णाने किंवा त्याची काळजी घेणाऱ्याने कसे करावे, हे येथे टप्प्याटप्प्याने मांडले आहे.

एक गोष्ट मात्र आधीच सांगणे आवश्यक आहे. पुढील मजकूर वाचून घाबरून कोणतेही औषध एकदम बंद करू नये. यांपैकी कित्येक औषधे अचानक थांबवल्यास आकडी येणे, भ्रम होणे, रक्तदाब अनावर होणे असे प्रकार घडतात आणि ते गुंगीइतकेच गंभीर ठरू शकतात. ज्या रुग्णाला आत्ता या क्षणी जागे करणे कठीण जात आहे, त्याच्या घरच्यांनी मात्र उरलेला लेख नंतर वाचावा आणि थेट ‘तातडीच्या प्रसंगी’ या भागाकडे जावे.

श्वास का मंदावतो

झोपेतही आपला श्वास चालू राहतो, कारण मेंदूच्या बुंध्यातील श्वसनकेंद्र रक्तातील कार्बन डायऑक्साइडवर सतत लक्ष ठेवून असते. तो वाढला की श्वास वाढवण्याचा आदेश सुटतो. मॉर्फिन, ट्रामाडॉल, कोडीन यांसारखी अफूवर्गीय वेदनाशामके हा आदेशच क्षीण करतात; कार्बन डायऑक्साइड वाढूनही श्वसनकेंद्र पुरेसे हलत नाही. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम ही बेन्झोडायझेपिन वर्गातील औषधे वेगळ्या मार्गाने काम करतात. मेंदूची उत्तेजना कमी करणाऱ्या गाबा या रसायनाचा परिणाम ती वाढवतात, घशाचे स्नायू सैल करतात आणि श्वास कोंडल्यावर माणसाला जागे करणारी यंत्रणा बोथट करतात.

बेन्झोडायझेपिन गोळ्या तोंडाने एकट्याच घेतल्या असता निरोगी प्रौढ माणसाचा श्वास त्यामुळे बंद पडणे विरळा आहे, आणि म्हणूनच त्यांची भीती गेलेली असते. अफूवर्गीय औषधाने श्वासाची ओढ कमी केलेली असताना त्याच रात्री दुसऱ्या औषधाने घसा सैल केला आणि जाग येण्याची वाटही बंद केली, तर शरीराकडे बचावाचा तिसरा उपाय उरत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑगस्ट २०१६ मध्ये या दोन वर्गांच्या एकत्रित वापराबद्दल औषधांच्या माहितीपत्रकात चौकटीतला इशारा छापणे बंधनकारक केले. त्या संस्थेच्या इशाऱ्यांत हा सर्वांत कडक प्रकार मानला जातो. डिसेंबर २०१९ मध्ये तिनेच गॅबापेंटिन व प्रीगॅबालिन या नसांच्या औषधांमुळेही श्वसनाचा गंभीर त्रास होऊ शकतो, विशेषतः वृद्धांना, फुप्फुसांचे विकार असलेल्यांना आणि सोबत इतर गुंगी आणणारी औषधे घेणाऱ्यांना, असे जाहीर केले.

पहिला टप्पा: घरातील सर्व औषधे एका जागी आणावीत

यादी आठवणीतून करू नये. उशाशी, पर्समध्ये, गाडीत, फ्रिजमध्ये आणि कार्यालयाच्या खणात ठेवलेली सर्व औषधे टेबलावर मांडावीत. गोळ्यांबरोबर खोकल्याची पातळ औषधे, त्वचेवर चिकटवायचे वेदनाशामक पॅच, नाकात मारायचे फवारे, मागच्या शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या आणि घरातल्या दुसऱ्या कोणाकडून कधीतरी मागून घेतलेली गोळीही त्यात आली पाहिजे. रुग्णाला विचारताना “कोणती औषधे चालू आहेत?” एवढेच विचारले तर रोजची तेवढी सांगितली जातात, “गेल्या पंधरा दिवसांत दुखण्यासाठी, झोपेसाठी, सर्दीसाठी, मळमळीसाठी एकदा तरी काय घेतले?” असे विचारले म्हणजे उरलेली बाहेर येतात.

पट्टीवर कंपनीचे नाव ठळक असते आणि आतील घटक बारीक अक्षरांत. आपल्याला हवे आहेत ते घटक. दोन वेगळ्या नावांच्या गोळ्यांत एकच घटक असू शकतो, आणि एका साध्या नावाच्या गोळीत दोन-तीन घटक असू शकतात. पॅरासिटामॉल म्हणून घेतलेल्या गोळीत ट्रामाडॉलही असू शकते. पोटातील मुरड्यासाठी दिलेल्या काही गोळ्यांत क्लोरडायझेपॉक्साइड हे बेन्झोडायझेपिन वर्गातील औषध असते. नैराश्यावरील एस्सिटालोप्रामच्या काही गोळ्यांत क्लोनाझेपाम जोडलेले असते, नसांच्या दुखण्यावरील काही गोळ्यांत प्रीगॅबालिनसोबत नॉरट्रिप्टिलिन असते, तर खोकल्याच्या औषधात कोडीन आणि क्लोरफेनिरामिन एकत्र असू शकतात. अशा जोडगोळ्या सोयीच्या असतील, पण त्यांच्यामुळे रुग्णाला आपण काय घेत आहोत हेच कळेनासे होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरा टप्पा: गुंगी आणणारे घटक ओळखून खूण करावी

यादीतील प्रत्येक घटक पुढील गटांशी ताडून पाहावा आणि जुळल्यास लाल खूण करावी. अफूवर्गीय वेदनाशामकांत मॉर्फिन, कोडीन, ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल, ऑक्सिकोडोन, फेंटानिल, मेथाडोन आणि ब्यूप्रेनॉर्फिन येतात. बेन्झोडायझेपिन गटात अल्प्राझोलाम, लोराझेपाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, क्लोबाझाम आणि क्लोरडायझेपॉक्साइड येतात. इटिझोलाम रचनेने किंचित वेगळे असले तरी परिणामाने याच रांगेत बसते. झोपेसाठीच्या झोल्पिडेम आणि झोपिक्लोन या गोळ्या मेंदूत त्याच ठिकाणी काम करतात, त्यामुळे “ही नवीन प्रकारची गोळी आहे, ती जुनी होती” एवढ्या कारणावरून दोन्ही एकत्र घेणे सुरक्षित ठरत नाही.

लोक गुंगीच्या यादीत सहसा धरत नाहीत असे गट यानंतर येतात. स्नायू सैल करणारी बॅक्लोफेन, टिझॅनिडिन, कॅरिसोप्रोडॉल, नसांच्या दुखण्याची गॅबापेंटिन व प्रीगॅबालिन, नैराश्यासाठी किंवा अर्धशिशीसाठी दिलेली अमिट्रिप्टिलिन, मिर्टाझापिन, ट्रॅझोडोन, मानसिक आजारांवरील क्वेटियापिन, ओलान्झापिन, क्लोझापिन, आकडीसाठीचे फेनोबार्बिटोन, आणि अ‍ॅलर्जी, खाज, सर्दी किंवा प्रवासातील उलटीसाठी घेतली जाणारी क्लोरफेनिरामिन, हायड्रॉक्सिझिन, प्रोमेथाझिन, डायफेनहायड्रामिन. शेवटच्या गटातील औषधे अनेक ठिकाणी चिठ्ठीशिवाय मिळतात, म्हणून ती डॉक्टरांना सांगितलीच जात नाहीत. मद्य हे औषध नसले तरी त्यालाही लाल खूणच करायची आहे, कारण ते यातील प्रत्येक गटाची गुंगी वाढवते आणि अफूवर्गीय किंवा बेन्झोडायझेपिन औषधांसोबत घेतल्यास जीव घेऊ शकते.

लाल खुणा मोजाव्यात. दोन असतील तर पुढचे टप्पे लक्षपूर्वक पार पाडावेत. तीन किंवा अधिक असतील आणि रुग्ण वयस्कर असेल तर डॉक्टरांची भेट पुढे ढकलू नये; वृद्धांच्या औषधोपचारासाठी वापरल्या जाणाऱ्या बीअर्स निकषांत, मेंदूवर काम करणारी तीन किंवा अधिक औषधे एकत्र देणे टाळावे असे म्हटले आहे, आणि तिथे दिलेले कारण आहे पडणे व हाड मोडणे. श्वास थांबण्याची शक्यता आपल्याला अधिक भयंकर वाटते, पण रात्री स्वच्छतागृहाकडे जाताना तोल जाऊन मांडीचे हाड मोडणे हा याच औषधांचा कितीतरी अधिक नेहमीचा परिणाम आहे.

तिसरा टप्पा: औषधांच्या वेळा एका तक्त्यावर मांडाव्यात

कोणते औषध आहे इतकेच ठाऊक असून भागत नाही. ते किती वाजता घेतले जाते, त्याचा परिणाम शिखरावर केव्हा पोहोचतो आणि ते शरीरात किती काळ रेंगाळते, या तीन गोष्टींवर धोका ठरतो. यासाठी चोवीस तासांचा एक आडवा तक्ता काढावा आणि प्रत्येक औषधाची वेळ त्यावर टिपावी.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. सत्तरीतील एक गृहस्थ रात्री साडेआठला जेवतात, नऊ वाजता प्रीगॅबालिन घेतात, साडेनऊला क्लोनाझेपाम घेतात आणि कंबर दुखत असल्यामुळे दहा वाजता ट्रामाडॉलची गोळी घेतात. प्रीगॅबालिन उपाशीपोटी साधारण दीड तासात शिखर गाठते, पण जेवणानंतर घेतल्यास तेच सुमारे तीन तासांवर जाते, म्हणजे रात्री बाराच्या आसपास. ट्रामाडॉलला सुमारे दोन तास लागतात, म्हणजे पुन्हा बाराच. क्लोनाझेपामचे शिखर एक ते चार तासांत येते, म्हणजे साडेदहा ते दीड. वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या तीन गोळ्या अशा प्रकारे मध्यरात्री एकाच ठिकाणी येऊन भिडतात, आणि नेमक्या त्या वेळी घरातील सगळे झोपलेले असतात.

आता या गृहस्थांना अकरा वाजेपर्यंत झोप लागली नाही असे समजा. “आज गोळीचा परिणामच झाला नाही” असे म्हणून ते आणखी अर्धी गोळी घेतात. पहिल्या तीन गोळ्या अजून चढतीवर असताना चौथीची भर पडते. चिठ्ठीवर ‘गरज पडल्यास’ असे लिहिलेली औषधे याच कारणाने घातक ठरतात. गरज केव्हा पडली हे ठरवणारा माणूस आधीच गुंगीच्या उंबरठ्यावर असतो आणि आपण गोळी घेतली की नाही हेही त्याला नीट आठवत नाही. म्हणून गरजेनुसार घ्यायची गोळी घेतल्याक्षणी वेळ कागदावर लिहावी, आणि एका रात्रीत तिची कमाल संख्या किती हे डॉक्टरांकडून अंकांत लिहून घ्यावे.

औषध रेंगाळण्याचा हिशेबही तितकाच महत्त्वाचा आहे. झोल्पिडेमची रक्तातील पातळी साधारण अडीच तासांत निम्मी होते, अल्प्राझोलामची सुमारे अकरा तासांत, तर क्लोनाझेपामची ३० ते ४० तासांत. डायझेपामपासून शरीरात तयार होणारा क्रियाशील घटक निम्मा होण्यास १०० तासांपर्यंत वेळ लागू शकतो. रोज एक गोळी घेतली जात असेल तर कालची गोळी संपण्याआधीच आजची येते, पातळी काही दिवस चढत राहते, आणि सोमवारी सुरू केलेल्या औषधाची खरी गुंगी शनिवार-रविवारी जाणवते. “पहिल्या रात्री काहीच झाले नाही” या अनुभवावर विसंबून राहता येत नाही ते यामुळे. फेंटानिलचा पॅच काढून टाकल्यावरही रक्तातील पातळी निम्मी होण्यास १७ तास किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. पॅच काढला म्हणजे औषध संपले असे मानून लगेच दुसरे वेदनाशामक किंवा झोपेची गोळी घेऊ नये. पॅचवर गरम पाण्याची पिशवी ठेवल्यास, तसेच अंगात ताप असल्यास, औषध त्वचेतून अधिक वेगाने शोषले जाते.

चौथा टप्पा: धोका वाढवणाऱ्या बाबी रुग्णागणिक तपासाव्यात

तोच तक्ता एका माणसाला पेलतो आणि दुसऱ्याला पेलत नाही. गॅबापेंटिन व प्रीगॅबालिन जवळजवळ पूर्णपणे मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात. मूत्रपिंड अशक्त असेल तर नेहमीची मात्राही साचत जाते. जुलाब-उलट्यांनी शरीरातील पाणी कमी झाले असताना हे अचानक घडू शकते. यकृताचा आजार असल्यास डायझेपाम, अल्प्राझोलाम आणि बहुतेक अफूवर्गीय औषधे लांबतात. जुनाट दमा, धूम्रपानाने झालेला फुप्फुसाचा विकार, अतिलठ्ठपणा, घोरताना मध्येच श्वास थांबणे, स्नायूंचा दुबळेपणा यांपैकी काही असेल तर ते यादीच्या सर्वांत वर, ठळक लिहावे. घोरण्याबद्दल घरच्यांना विचारावे, कारण रुग्णाला स्वतःचे घोरणे ठाऊक नसते.

स्वतः गुंगी न आणणारी काही औषधे दुसऱ्याची पातळी चढवतात, आणि ही बाब सर्वांत सहज निसटते. टिझॅनिडिन चालू असताना सिप्रोफ्लोक्सॅसिन हे प्रतिजैविक किंवा फ्लुवोक्सामिन हे नैराश्यावरील औषध देणे निषिद्ध आहे, कारण टिझॅनिडिनची पातळी कित्येक पटींनी वाढून तीव्र गुंगी येते आणि रक्तदाब कोसळतो. बुरशीवरील इट्राकोनाझोल आणि कीटोकोनाझोल यांच्यासोबत अल्प्राझोलाम देऊ नये असे माहितीपत्रकातच असते. क्लॅरिथ्रोमायसिन व एरिथ्रोमायसिन ही प्रतिजैविकेही अल्प्राझोलामसारख्या औषधांचा निचरा मंदावतात. म्हणून घशाच्या संसर्गासाठी पाच दिवसांचे औषध घ्यायला गेलेल्या रुग्णानेही आपल्या झोपेच्या गोळीचा उल्लेख करायला हवा.

लहान मुलांच्या बाबतीत नियम सोपा आहे. कोडीन आणि ट्रामाडॉल बारा वर्षांखालील मुलांना देऊ नये. काही मुलांचे यकृत आनुवंशिक कारणाने या औषधांचे रूपांतर फार झपाट्याने अधिक तीव्र रूपात करते, आणि कोणते मूल तसे आहे हे बाहेरून ओळखता येत नाही. स्तनपान देणाऱ्या आईनेही ही दोन औषधे टाळावीत.

खंड पडल्यानंतरची पहिली मात्रा हाही वेगळा धोका आहे. रुग्णालयात काही आठवडे काढल्यामुळे किंवा दुसऱ्या कारणाने अफूवर्गीय औषध बंद होते, शरीराची सवय मोडते, आणि घरी परतल्यावर जुनी मात्रा जशीच्या तशी सुरू केली जाते. पूर्वी सोसलेली मात्रा आता सोसतेच असे नाही. ती पुन्हा कुठून सुरू करायची हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

पाचवा टप्पा: यादी एकाच व्यक्तीपुढे ठेवावी आणि नेमके विचारावे

तयार झालेली यादी आणि तक्ता सर्व डॉक्टरांना द्यावा, पण एकत्रित निर्णयाची जबाबदारी एकावर सोपवावी. शक्यतो नेहमीच्या कौटुंबिक डॉक्टरांवर. औषधे नेहमी एकाच दुकानातून घेतल्यास तेथील फार्मासिस्टलाही दोन चिठ्ठ्यांमधील टक्कर दिसू शकते. हा माणूस घाईत पुडी बांधून देणारा वाटत असला तरी औषधांच्या परस्परक्रिया हे त्याच्या शिक्षणाचेच अंग आहे, आणि दुपारच्या निवांत वेळी यादी घेऊन गेल्यास तो ती शांतपणे पाहू शकतो.

“ही सगळी औषधे चालतील ना?” या प्रश्नाला बहुतेक वेळा “हो, चालतील” असेच उत्तर मिळते. त्याऐवजी असे विचारावे: या यादीतील कोणती दोन औषधे एकमेकांची गुंगी वाढवतात? यांपैकी एखादे आता अनावश्यक झाले आहे का? रात्रीच्या दोन गोळ्यांत किती तासांचे अंतर ठेवावे, आणि अंतर ठेवून खरेच फरक पडतो का, की औषध इतके लांब टिकते की अंतर निरुपयोगी आहे? माझ्या मूत्रपिंडाच्या तपासणीनुसार ही मात्रा योग्य आहे का? एखादी मात्रा चुकली तर पुढच्या वेळी काय करावे? अफूवर्गीय औषध यादीत असेल तर त्यावरील उतारा असलेले नॅलोक्सोन घरी ठेवणे आमच्यासाठी योग्य आहे का, ते मिळू शकते का, आणि कसे वापरायचे?

शस्त्रक्रिया, एंडोस्कोपी किंवा दातांवरील उपचार ठरले असतील तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना हीच यादी आधी दाखवावी, कारण ते देणार असलेली औषधेही याच कुळातील असतात.

काही वेळा डॉक्टर विचारपूर्वक दोन गुंगी आणणारी औषधे एकत्र देतात. कर्करोगाच्या वेदना, आकडीचे विकार, तीव्र मानसिक आजार अशा परिस्थितीत ते आवश्यक असते. तेव्हा प्रत्येकाची शक्य तितकी कमी मात्रा, शक्य तितका कमी काळ आणि घरात लक्ष ठेवणारी व्यक्ती, ही त्या निर्णयाची अंगे आहेत.

सहावा टप्पा: बदलानंतरच्या दिवसांत लक्ष ठेवावे

नवीन औषध सुरू झाल्यावर, मात्रा वाढल्यावर, ताप किंवा छातीचा संसर्ग झाल्यावर आणि दुसऱ्या डॉक्टरांची नवी चिठ्ठी आल्यावर पहिले काही दिवस आणि विशेषतः रात्री अधिक सावध राहावे. दिवसा बोलताना जीभ जड होणे, जेवताना पेंगणे, एकच प्रश्न पुन्हापुन्हा विचारणे, चालताना भिंतीचा आधार शोधणे, आदल्या संध्याकाळचे काही न आठवणे, या गोष्टी वयावर ढकलून मोकळे होऊ नये. वृद्ध माणसात औषधाची गुंगी आणि स्मृतिभ्रंश वरवर सारखेच दिसू शकतात, पण औषधाची गुंगी मात्रा बदलल्यावर उतरू शकते.

रात्री बघायचे ते श्वासाकडे. रुग्ण झोपल्यावर तास-दोन तासांनी छातीची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजावी. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नये, कारण मंदावलेला श्वास अनियमित असतो आणि मधला खंड त्यात निसटतो. प्रौढ माणूस विश्रांतीत मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो. तो १० च्या खाली गेला, मध्ये लांब विराम पडू लागले, किंवा घोरण्याचा आवाज एकाएकी घरघरल्यासारखा झाला तर रुग्णाला हाक मारून हलवावे. “किती दिवसांनी गाढ झोप लागली आहे, घोरतोय बघा” असे म्हणून दार ओढून घेणे ही या विषयातील सर्वांत महाग पडणारी चूक आहे. औषधाने घसा सैल झाल्यावर येणारी घरघर झोपेच्या समाधानाची खूण नसते.

बोटाला लावायचे ऑक्सिमीटर उपयोगी आहे, पण त्याच्यावर पूर्ण भिस्त ठेवू नये. रुग्णाला बाहेरून ऑक्सिजन चालू असेल तर श्वास धोकादायकरीत्या मंदावूनही आकडा बराच काळ चांगला दिसत राहतो, कारण ते यंत्र कार्बन डायऑक्साइड मोजत नाही. जाग येते का, आणि मिनिटाला श्वास किती, या दोन खुणा अधिक भरवशाच्या आहेत.

सकाळचा परिणामही विसरू नये. जानेवारी २०१३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने स्त्रियांसाठी साध्या झोल्पिडेमची शिफारस केलेली मात्रा १० मिलिग्रॅमवरून ५ मिलिग्रॅमवर आणली, कारण रात्री घेतलेल्या गोळीचा अंश सकाळी वाहन चालवण्याइतपत जागरूकता कमी करू शकत होता. एका गोळीचे असे असेल, तर तीन लाल खुणा असलेल्या माणसाने नवी मात्रा स्थिरावेपर्यंत वाहन, शिडी आणि यंत्रे यांपासून दूरच राहावे.

तातडीच्या प्रसंगी

हाक मारूनही आणि खांदा जोरात हलवूनही रुग्ण जागा होत नसेल, श्वास मिनिटाला दहाहून कमी किंवा थांबतथांबत येत असेल, ओठ किंवा नखे निळसर-राखाडी दिसत असतील, घशातून घरघर येत असेल, यांपैकी काहीही आढळल्यास आपत्कालीन वैद्यकीय सेवेला लगेच फोन करावा आणि फोन चालू ठेवावा. श्वास चालू असेल तर रुग्णाला कुशीवर वळवावे, वरचा गुडघा पुढे वाकवून ठेवावा आणि डोके किंचित मागे करून तोंड जमिनीकडे राहील असे करावे, म्हणजे उलटी झाल्यास ती श्वासनलिकेत जाणार नाही. श्वास थांबला असेल किंवा अधूनमधून फक्त आचके येत असतील तर रुग्णाला पाठीवर झोपवून फोनवरील व्यक्तीच्या सूचनेनुसार छातीवर दाब देणे सुरू करावे. कृत्रिम श्वास देता येत असेल तर तोही द्यावा, कारण येथे मूळ अडचण श्वासाची आहे.

नॅलोक्सोन घरात असेल आणि अफूवर्गीय औषधाची शंका असेल तर ते द्यावे. ते झोपेच्या गोळ्यांवर किंवा मद्यावर काम करत नाही, तरीही मिश्र प्रसंगात अफूवर्गीय औषधाचा वाटा निघून जाऊन श्वास परतू शकतो. त्याचा परिणाम साधारण ३० ते ९० मिनिटांत ओसरतो आणि मूळ औषध त्याहून लांब टिकू शकते, म्हणून रुग्ण उठून बसला तरी रुग्णालयात नेणे टाळू नये. बेन्झोडायझेपिनवरील उतारा असलेले फ्लुमाझेनिल आकडी आणू शकते, त्यामुळे ते वापरायचे की नाही हे रुग्णालयातच ठरते.

तोंडावर गार पाणी मारणे, काळी कॉफी पाजणे, बोटे घालून उलटी करवणे, उभे करून चालवणे, यांपैकी काहीही करू नये. अर्धवट शुद्धीत पाजलेले पाणी किंवा कॉफी फुप्फुसात उतरू शकते. रुग्णवाहिका आल्यावर सर्व पट्ट्या, बाटल्या आणि वेळांचा कागद सोबत द्यावा आणि अंगावर पॅच असल्यास सांगावे. मद्य घेतले होते किंवा दुसऱ्याची गोळी घेतली होती, ही माहिती संकोचाने दडवू नये. गोळ्या मुद्दाम जास्त घेतल्या असण्याची शंका असेल तर तीही डॉक्टरांना स्पष्ट सांगावी, आणि रुग्णाला एकटे सोडू नये.

शेवटचा टप्पा: औषध कमी करायचे ठरल्यास

यादी पाहून डॉक्टरांनी एखादे औषध कमी करायचे ठरवले, तर ते सावकाश होते. बेन्झोडायझेपिन रोज घेण्याची सवय झालेल्यांसाठी २०२५ मध्ये अमेरिकेतील वैद्यकीय संघटनांच्या संयुक्त मार्गदर्शिकेने सुरुवातीला दर दोन ते चार आठवड्यांनी ५ ते १० टक्के घट सुचवली आहे, आणि दोन आठवड्यांत २५ टक्क्यांहून अधिक घट करू नये असे म्हटले आहे. वर्षाहून अधिक काळ अफूवर्गीय औषध घेणाऱ्यांना महिन्याला १० टक्के किंवा त्याहून संथ घट अधिक सोसवते. बॅक्लोफेन आणि गॅबापेंटिनही एकाएकी सोडू नयेत. दोन औषधे एकाच वेळी घटवायला घेतली तर त्रास कशामुळे झाला हे कळत नाही, म्हणून एकाची घट स्थिरावल्यावरच दुसऱ्याला हात लावतात. आधी कोणते, हे रुग्णाच्या आजारावरून डॉक्टर ठरवतात.

घट चालू असताना झोप काही रात्री बिघडते, आणि नेमकी त्याच वेळी खणातील जुनी पट्टी आठवते. यादीतून जे औषध वगळले गेले, त्याच्या उरलेल्या गोळ्या त्याच दिवशी घराबाहेर गेल्या पाहिजेत. फार्मासिस्ट त्या परत घेतात का, हे विचारावे. वापरलेल्या फेंटानिल पॅचमध्येही लहान मुलाचा जीव घेण्याइतके औषध शिल्लक असू शकते, म्हणून तो चिकट बाजू आत करून दुमडावा, उघड्या कचरापेटीत टाकू नये, आणि विल्हेवाटीची पाकिटावरील सूचना वाचून त्याप्रमाणेच करावे.